दलदलीने सांभाळलेले बूट

पश्चिम युक्रेनमध्ये बेरेस्तेच्को गावाजवळ प्ल्याशिव्का नावाची लहानशी नदी आहे. १९७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ इहोर स्वेश्निकोव्ह यांनी तिच्या काठची दलदल खणली, तेव्हा काळ्या पीटमधून १६५१च्या लढाईतली माणसं वर आली. सांगाडे आणि बंदुका तर होत्याच, पण चामड्याचे बूट आणि पिशव्यासुद्धा होत्या!

चामडं सव्वातीनशे वर्षं टिकलं कसं? पीट म्हणजे पाण्याखाली साचत गेलेला, अर्धवट कुजलेला झाडपाला. तिथे प्राणवायू जवळजवळ पोचत नाही, म्हणून कुजवणारे जिवाणू मंदावतात. झाडांच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन मुरलेलं असतं, ते प्रथिनांचे धागे घट्ट धरून ठेवतं. पाणी फार आम्लधर्मी असतं, तर हाडं मात्र विरघळली असती. इथे तीही राहिली.

पण ही माणसं दलदलीत शिरली का? १६४८ मध्ये कोसॅकांचा, म्हणजे युक्रेनमधल्या लढवय्या समाजाचा, पुढारी बोहदान ख्मेल्नित्स्की याने तिथे राज्य करणाऱ्या पोलंडविरुद्ध उठाव केला. (त्यात बंडखोरांनी हजारो ज्यूंची कत्तल केली, हे विसरून चालणार नाही.) कोसॅकांचं पायदळ चिवट होतं, घोडदळ मात्र तोकडं, ती उणीव भरायला त्याने क्रिमियाच्या खानाचे तातार स्वार आणले. खानाला दोघांपैकी कोणीच फार बळकट व्हायला नको होतं. १६४९ला झ्बोरिवमध्ये त्याने परस्पर पोलंडच्या राजाशी जुळवून घेतलं. बेरेस्तेच्कोला तर तो रणांगणच सोडून गेला आणि मागोमाग गेलेल्या ख्मेल्नित्स्कीला त्याने अडकवून ठेवलं. उरलेल्यांनी गाड्यांचा कोट करून दहाएक दिवस तग धरला. शेवटी दलदलीवर वाट करून निसटताना गोंधळ उडाला आणि कित्येक जण तिथेच राहिले.

कोसॅकांच्या बदलत्या निष्ठा समजून घ्यायच्या तर मला एक आकडा महत्त्वाचा वाटतो: सरकारी नोंदवहीतल्या कोसॅकांचा. नाव नोंदलं की माणूस स्वतंत्र; नाही तर जमीनदाराची वेठबिगारी. झ्बोरिवच्या तहात हा आकडा ४०,००० होता, बेरेस्तेच्कोनंतर २०,००० झाला. १६५४ मध्ये ख्मेल्नित्स्की मॉस्कोच्या झारकडे गेला, आणि झारने ६०,००० मान्य केले. लगेच तातार पोलंडच्या बाजूला गेले. १६५६ला झारनेही पोलंडशी युद्ध थांबवलं, तेव्हा ख्मेल्नित्स्की स्वीडन आणि ट्रान्सिल्व्हेनियाकडे वळला. १६५७ला तो वारला. पुढच्याच वर्षी नवा हेटमन (कोसॅकांचा प्रमुख) विहोव्स्की याने हाद्याचला पुन्हा पोलंडशीच करार केला. प्ल्याशिव्काच्या पीटमध्ये ते बूट रुतून तेव्हा सात वर्षं झाली होती.