घरगुती कंपोस्ट डब्यातील बिघाड व दुरुस्ती (सोलापूर परिसर)

स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि बागेतला पालापाचोळा परसात, गच्चीवर किंवा बाल्कनीत झाकणाच्या डब्यात, पिंपात अथवा माठात कुजवून खत करताना उद्भवणारे दोष आणि त्यांवरील उपाय. दुर्गंधी, अळ्या, मुंग्या, तळातून गळणारे काळे पाणी, कुजणे थांबणे आणि तयार खताने रोपे पिवळी पडणे हे नेहमीचे दोष. बहुतेकांच्या मुळाशी पाणी आणि हवा यांचा बिघडलेला मेळ असतो. सोलापुरात हा मेळ वर्षातला बराच काळ कोरडेपणाच्या बाजूने बिघडतो. कंपोस्टविषयी मिळणारी बरीचशी माहिती मात्र जास्त पावसाच्या किंवा दमट हवेच्या गावांसाठी लिहिलेली असते आणि डबा ओला होऊ नये यावरच तिचा भर असतो. ती येथे जशीच्या तशी पाळली की ‘वास येत नाही, पण खतही होत नाही’ ही तक्रार ठरलेली.

क्रिया आणि प्रमाण

कुजवण्याचे काम जिवाणू, बुरशी आणि ॲक्टिनोमायसिटीस (धाग्यांसारखे वाढणारे जिवाणू) करतात. त्यांना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) साधारण २५ ते ३० ला १ या प्रमाणात लागतात, ओलावा ५० ते ६० टक्के लागतो आणि हवा सतत लागते. भाजीची देठे, साली, चहाचा चोथा यांत नत्र जास्त. वाळका पाला, पुठ्ठा, लाकडाचा भुसा यांत कर्ब जास्त. तराजू घेऊन बसण्याची गरज नसते. आकारमानाने एक भाग ओला आणि दोन भाग सुका, एवढे पुरते.

भारतात शास्त्रशुद्ध कंपोस्टची पद्धत अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे बसवली, म्हणून ती ‘इंदूर पद्धत’. महाराष्ट्रात पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची जाळीदार विटांची ‘नाडेप’ टाकी गावोगाव पोचली. या दोन्ही पद्धती मोठ्या ढिगांच्या आहेत. ढीग निदान घनमीटरभर असेल तर आतली उष्णता टिकते, तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसवर जाते आणि तणांचे बी व रोगजंतू मरतात. वीस-पन्नास लिटरचा घरगुती डबा एवढा तापत नाही. त्यामुळे खत घातलेल्या कुंडीत टोमॅटो, मिरची, पपईची रोपे आपोआप उगवतात. हा बिघाड नव्हे. उपटून टाकावीत, किंवा जागा असेल तर वाढू द्यावीत.

कोरडा डबा

कोरडा डबा वरवर अगदी शहाणा दिसतो. वास नाही, माशी नाही, गळती नाही. कालच टाकलेल्या साली ओलसर असल्याने झाकण उघडणाऱ्याला शंकाही येत नाही. खुरप्याने चार बोटे खाली उकरले की आतला थर करडा, हलका, भुरभुरीत निघतो. महिन्याभरापूर्वीची कांद्याची साल हातात घेतली तर अजून कडकड वाजते. कडेला मुंग्यांनी अंडी आणून ठेवलेली असतात. मुंग्यांवर पावडर मारण्यात अर्थ नाही. त्या आल्या म्हणजे डबा कोरडा आहे एवढेच समजावे. ओल दिली की त्या स्वतःहून बिऱ्हाड हलवतात.

मे महिन्यात येथे पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो आणि हवेत दमटपणा जवळजवळ नसतोच. अशा वेळी गच्चीच्या स्लॅबवर ठेवलेले काळे प्लॅस्टिकचे पिंप तापते. हात लावून ‘चांगले तापले आहे, म्हणजे कुजते आहे’ असे बरेच जण मानतात. ती उष्णता उन्हाची असते. ओलावा ४० टक्क्यांच्या खाली उतरला की जिवाणूंचे काम मंदावते आणि पुढे जवळपास थांबते. मातीच्या सच्छिद्र माठातून पाणी बाहेरही झिरपून उडते, म्हणून पावसाळ्यात उत्तम चालणारे माठ उन्हाळ्यात सर्वांत आधी अडतात. डबा पूर्वेच्या भिंतीला, दुपारच्या सावलीत हलवणे आणि वर ओले गोणपाट टाकणे हा पहिला उपाय.

सुकलेल्या डब्यात वरून तांब्याने पाणी ओतले तर ते ढिगाच्या कडेने निसटून तळाच्या भोकांतून बाहेर येते. खाली पाणी दिसल्यामुळे मालक निश्चिंत होतो आणि गाभा कोरडाच राहतो. त्यासाठी सगळा माल घमेल्यात किंवा ताडपत्रीवर काढून, झाऱ्याने शिंपत हाताने वर-खाली करावा लागतो. पुरेशी ओल झाली की नाही हे मुठीत कळते: मूठ घट्ट आवळली तर बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब यावा, मूठ उघडल्यावर गोळा टिकावा आणि बोटाने टोचताच फुटावा. धार लागली तर पाणी जास्त. गोळाच झाला नाही तर कमी.

नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात कंपोस्टला पाणी घालायचे म्हटले की घरातून विरोध होणारच. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी यासाठी चांगले, फक्त त्यात मीठ नसावे. उन्हाळ्यात कलिंगडाच्या साली सोलापुरी डब्याला वरदान आहेत. त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. बोटभर तुकडे करून मधल्या थरात पुरल्या तर त्या सावकाश ओल सोडतात. दमट गावांत याच साली टाळायला सांगतात.

गांडुळांच्या डब्याला तर उन्हाळा सोसतच नाही. खतासाठी वापरली जाणारी आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळे ३५ अंशांच्या वर तगत नाहीत. ज्यांना मार्च ते जूनमध्ये सावली आणि रोजचे ओले गोणपाट सांभाळता येणार नाही, त्यांनी गांडुळांच्या नादी न लागता साधे कंपोस्ट करावे.

वास

वासाला नाक हेच यंत्र. नासक्या अंड्यासारखा वास आला तर तळाशी पाणी साचून हवा कोंडली आहे आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होत आहे. आंबूस वास म्हणजे शिळा भात, फळांचा लगदा किंवा आमरसाच्या साली एकाच जागी गच्च बसून आंबल्या. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास अमोनियाचा. ताजे शेण, हिरवे गवत किंवा डाळींचा कचरा जास्त होऊन नत्र हवेत उडून चालले आहे. तिन्हींवर औषध जवळपास एकच: माल उकरून मोकळा करावा, सुका कचरा मिसळावा, तळाची भोके सळईने मोकळी करावीत. अमोनियाचा वास असेल तर सुक्या कचऱ्याचे प्रमाण वाढवावे, अंड्याचा वास असेल तर उकरण्यावर जोर द्यावा.

आंबट वासावर चुना किंवा राख टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सोलापुरात तो मानू नये. कुजण्याच्या सुरुवातीला थोडी आम्लता येतेच आणि हवा मिळाल्यावर ती आपोआप जाते. चुन्याने सामू (आम्लता-विम्लता मोजण्याचे माप, पीएच) वाढला की उरलेले नत्रही अमोनिया होऊन उडते. शिवाय येथली काळी माती मुळात चुनखडीयुक्त आणि विम्लतेकडे झुकलेली आहे. अशा मातीत झाडांना लोह नीट मिळत नाही आणि कोवळी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. त्यात आणखी चुना घालणे म्हणजे आजार विकत घेणे.

सप्टेंबरात चित्र पालटते. सोलापूरचा मोठा पाऊस बहुधा परतीच्या काळात पडतो. उन्हाळ्यात सावलीला उघडा ठेवलेला डबा तेव्हा भरून निथळू लागतो. डब्याखाली दोन विटा आणि वर पत्र्याचा तुकडा एवढे पुरे होते. दुसरी अडचण जानेवारीत येते. भोगीला वाटाण्याच्या शेंगा, घेवड्याच्या शिरा, हरभऱ्याचे टहाळे, गाजर-वांग्याची देठे यांचा एकाच दिवशी ढीग पडतो; पाठोपाठ संक्रांत आणि सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा, म्हणजे उसाची चिपाडे आलीच. हे सगळे एकदम डब्यात कोंबले की दोन दिवसांत दरवळते. निम्मे टोपलीत सावलीला सुकवून पुढच्या आठवड्यात घालावे.

सुका कचरा

या बाबतीत सोलापूर श्रीमंत आहे. ज्वारीच्या कडब्याची कुट्टी गुरांसाठी विकत मिळते. तिचे मूठ-दोन मूठ थर डब्यात हवा खेळती ठेवतात आणि पाणीही धरतात; या भागात याहून चांगला सुका माल शोधायची गरज नाही. शेंगांच्या चटणीच्या गावात भुईमुगाच्या टरफलांना तोटा नसतो, पण ती लिग्निनमुळे (लाकडाला कडकपणा देणारा घटक) फार सावकाश कुजतात. कुटून घातली तर बरी, अखंड घातली तर वर्षभराने चाळणीवर तशीच सापडतात. डाळिंबाच्या सालीत टॅनिन (तुरट घटक) भरपूर असते. एखाद-दुसऱ्या सालीने काही बिघडत नाही. रसवंतीतून पोतेभर आणली तर डबा मंदावतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गळणारा कडुनिंबाचा पाला इतर पाल्यात मिसळून वापरावा, नुसता नको.

यंत्रमागावरच्या सुताच्या कचऱ्याचा मोह अनेकांना होतो. शुद्ध, न रंगवलेले सूत कुजते. चादर-टॉवेलच्या कारखान्यातला गुंता मात्र रंगीत आणि बऱ्याचदा पॉलिएस्टर-मिश्रित असतो, तो डब्यात नको. निर्माल्याच्या हारांतला दोराही आधी ओढून काढावा; तो नायलॉनचा असला तर खत उकरताना खुरप्याला गुंडाळत राहतो.

किडे आणि उंदीर

करड्या, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या की घरात गोंधळ उडतो. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ही माशी अन्नावर बसून रोग पसरवत नाही आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने संपवतात. त्या फार झाल्या तर ओल कमी करून सुका थर वाढवावा. चिलटे फळांच्या उघड्या सालींवर येतात. ताज्या कचऱ्यावर दोन बोटे जुने खत किंवा कुट्टी पसरली की थांबतात. पांढऱ्या, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या मोठ्या अळ्या मात्र निवडून काढाव्यात. डब्यात त्या कुजके खातात, पण त्यांत हुमणी (मुळे खाणारी भुंग्याची अळी) असली तर कुंडीत गेल्यावर मुळे कुरतडते. पांढरी बुरशी आणि राखेसारखे धागे हे चांगले लक्षण, त्यांना हात लावू नये.

उंदीर-घुशी मटणाची हाडे, तेलकट खरकटे आणि भाकरीच्या तुकड्यांना येतात. हाडे आणि तेल डब्याबाहेरच ठेवावे. शिळी कडक भाकरी चुरून, मधल्या थरात, थोडीच घालावी. भोकांना बारीक जाळी लावणे हा भरवशाचा उपाय. बाजारातल्या कल्चरच्या (कुजवणाऱ्या जिवाणूंच्या विरजणाच्या) पाकिटाबद्दल एवढेच की नवा डबा सुरू करताना ते चालते, पण मूठभर जुने खत किंवा वाटीभर आंबट ताक तेच काम करते. सुकून थांबलेल्या डब्यात पाणी न घालता कल्चर टाकणे व्यर्थ आहे.

तयार खताचे दोष

खत तयार झाले म्हणजे ते गडद तपकिरी होते, पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास देते आणि मूळ ढिगाच्या निम्म्याहून कमी उरते. अर्धेकच्चे खत कुंडीत गेले तर कुजणे तेथेच चालू राहते, जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. शंका असेल तर वाटीभर खतात मेथीचे दाणे पेरावेत. तीन-चार दिवसांत ते एकसारखे उगवले तर खत वापरण्याजोगे आहे. कुजले किंवा खुरटले तर खत आणखी महिनाभर मुरू द्यावे.

मिठाचा दोष उशिरा दिसतो. लोणचे, पापड, मसालेदार खरकटे यांतले मीठ कुजत नाही, आणि कमी पावसाच्या गावात ते धुऊनही जात नाही. त्यात बोअरच्या जड पाण्याची भर पडली की पानांच्या कडा करपतात. अशा खतावरून एकदा भरपूर गोडे पाणी निथळू द्यावे आणि कुंडीत तीन भाग मातीला एक भाग एवढेच मिसळावे. डब्याच्या तळातून गळणारा काळा रसही सरळ रोपांना घालू नये. निदान दहापट पाणी मिसळून तो मोठ्या झाडांच्या आळ्यात ओतावा.