निकषांतून गळलेली एक ओळ: लो-कार्ब आणि बिंज ईटिंगच्या वादाची पार्श्वभूमी

साखर, मैदा, पाव, भात बंद केल्यावर (म्हणजे लो-कार्ब, कमी कर्बोदकांचा आहार घेतल्यावर) अनावर खाण्याचे झटके, म्हणजे बिंज ईटिंग, थांबले, असं सांगणारे रुग्ण आता बरेच भेटतात. खाण्याच्या विकारांवर उपचार करणारे बहुतेक तज्ज्ञ मात्र त्याच रुग्णांना बजावतात, की कुठलाही पदार्थ वर्ज्य करू नका. कीटोची (कर्बोदकं अगदी कमी आणि स्निग्धांश भरपूर असलेल्या आहाराची) लाट येण्याच्या कितीतरी आधी, निदानाचे निकष ठरत असताना या दोन वाटा फुटल्या होत्या.

जुना इतिहास थोडक्यात असा. १८६३ साली लंडनमधल्या एका अंत्यविधी व्यावसायिकाने पाव, साखर, बिअर, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि त्यावर पुस्तिका छापली. १९२१ मध्ये फिट्सच्या रुग्णांसाठी कीटोजेनिक आहार पुढे आला. १९५९ मध्ये एका अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने स्थूल रुग्णांमधल्या अनावर खाण्याची नोंद केली. या तिन्ही गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

खरी गुंतागुंत १९८० नंतरची आहे. त्या वर्षी अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेत बुलिमिया (अनावर खाण्याचा आणि बहुधा नंतर उलटी वगैरे करून ते भरून काढण्याचा विकार) पहिल्यांदा आला. त्याच्या लक्षणांच्या यादीत एक ओळ होती: झटक्याच्या वेळी भरपूर कॅलरीचे, चटकन पोटात जाणारे पदार्थ खाल्ले जातात. म्हणजे माणूस काय खातो, यालाही निदानात जागा होती. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत ती ओळ गेली. झटका ठरवताना भर उरला तो किती खाल्लं आणि ताबा सुटला का, यावर. १९९४ मध्ये बिंज ईटिंग डिसऑर्डर (असे झटके येतात, पण नंतर उलटी वगैरे केली जात नाही) हा वेगळा विकार 'अजून अभ्यास हवा' म्हणून परिशिष्टात ठेवला गेला. आठवड्यातून किमान दोन दिवस, सहा महिने, अशी त्याची अट होती. २०१३ मध्ये त्याला पूर्ण निदानाचा दर्जा मिळाला आणि अट आठवड्यातून एकदा, तीन महिने अशी सैल झाली. आधीच्या आवृत्तीच्या समितीचं प्रमुखपद सांभाळलेल्या मानसोपचारतज्ज्ञानेच यावर जाहीर टीका केली. तीन महिन्यांत बारा वेळा जास्त खाल्लं की त्याला आजार म्हणायचं का, असा त्याचा रोख होता. या वादात सगळ्यांचं लक्ष आकड्यांवर खिळलं. भराभर खाणं, भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस येणं, हे सगळं निकषांत आहे. ताटात काय होतं, याबद्दल अवाक्षर नाही. २०२२ च्या आवृत्तीतही नाही.

ती ओळ काढणं निराधार होतं, असं म्हणता येणार नाही. प्रयोगशाळेत रुग्णांना हवं ते, हवं तितकं खाऊ दिलं तेव्हा ते निरोगी माणसांपेक्षा खूप जास्त खात, पण त्यात कर्बोदकांचा शेकडा वाटा फारसा वेगळा नसे. स्थूल रुग्णांच्या एका प्रयोगात तर स्निग्ध पदार्थांचा वाटा वाढलेला दिसला. तरीही माझ्या मते शेकडेवारीवरून प्रश्न मिटवण्याची घाई झाली. केक, आइस्क्रीम, बिस्किटं, वेफर्स यांत पीठ किंवा साखर आणि तेल-तूप एकत्रच असतं. झटक्यात हेच खाल्लं जातं, उकडलेली अंडी किंवा नुसती काकडी सहसा कुणी अशी खात नाही. रुग्ण हे कधीपासून सांगत आले आहेत.

वर्ज्य करण्याला विरोध आला तो दुसऱ्या वाटेने. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ निरोगी पुरुषांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. नंतर पुरेसं अन्न मिळू लागल्यावरही त्यांच्यातल्या काहींचं खाणं आवरेना. १९७५ च्या एका प्रयोगात डाएट करणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर त्यांनी पुढचं आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्तच खाल्लं. बंधन घातलं की बांध फुटतो, हे सूत्र इथून पक्कं झालं आणि बुलिमियाच्या उपचारांचा पाया बनलं: वेळेवर खा, काहीही निषिद्ध मानू नका. पुढे तीच पद्धत बिंज ईटिंगलाही लागू झाली. २०१७ ची ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वं उपचार चालू असताना वजन उतरवायचा प्रयत्न करू नका, असंच सांगतात. पण बिंज ईटिंगच्या बऱ्याच रुग्णांमध्ये झटके आधी सुरू होतात, डाएट नंतर येतं. त्यांच्या बाबतीत बंधनाला मूळ कारण ठरवणं अवघड आहे.

२००९ मध्ये खाण्याचं व्यसन मोजणारी प्रश्नावली आली. दारू-ड्रग्जच्या अवलंबित्वाचे निकष तिच्यात अन्नाला लावले होते. व्यसन म्हटलं की पदार्थ सोडणं आलंच, आणि लो-कार्बवाल्यांना हवा असलेला आधार मिळाला. २०२० मध्ये कीटो आहार घेतलेल्या तीन रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. आहारात कर्बोदकं १० टक्के, प्रथिनं ३०, स्निग्धांश ६०. सहा-सात महिन्यांत तिघांचेही झटके कमी झाले. तिघेच होते, तुलनेला दुसरा गट नव्हता, पण तज्ज्ञांच्या नियतकालिकात हा प्रश्न पुन्हा उघडला गेला, हे महत्त्वाचं. त्याआधी २०१९ मध्ये २० जणांवर झालेल्या प्रयोगाने वेगळीच शंका उपस्थित केली होती. एक आहार कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांचा, दुसरा फारशी प्रक्रिया न केलेल्या पदार्थांचा; दोन्हींत कर्बोदकं, साखर, स्निग्धांश सारखेच देऊ केले होते, तरी कारखान्यात तयार झालेल्या खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. म्हणजे लो-कार्बमुळे जो फरक पडतो, त्यातला काही भाग भाकरी सोडल्याचा नसून बिस्किटांचा पुडा घरात न आणल्याचाही असू शकतो.

आपल्याकडे हा भेद फार महत्त्वाचा आहे. भारतीय आहारात ६० टक्क्यांच्या आसपास कॅलरी कर्बोदकांतून येतात. पोळी, भात, पोहे, साबुदाणा काढून १० टक्क्यांवर यायचं, तर शाकाहारी घरात वरणसुद्धा मोजून वाढावं लागतं. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात दिवसातून दोनदाच, दर वेळी पंचावन्न मिनिटांत जेवण्याची लाट आली. त्यात कर्बोदकांपेक्षा वेळेवर भर होता, तरी बोलताना लोक दोन्ही एकच समजतात. दिवसभर उपाशी राहून रात्री ताबा सुटणाऱ्या माणसासाठी ही गल्लत धोक्याची आहे. पूर्वी ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं फार कमी करण्याचा विकार) किंवा बुलिमिया झालेल्यांनी यातलं काहीच स्वतःच्या मनाने सुरू करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डोस बदलून घेतल्याशिवाय कर्बोदकं एकदम तोडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.