१२३४५६५४३२१ : जैन गणित्याचा कंठा

बेळगावच्या रविवार पेठेत भाव कधी मराठीत सांगतात, कधी कानडीत. मराठी ‘पंचवीस’मध्ये पाच आधी आणि वीस मागून, कानडी ‘इप्पत्तैदु’त वीस आधी, पाच नंतर. ‘ऐवत्तेळु’ ऐकून ५७ ऐवजी ७५ लिहून घेणारा मी एकटाच नसेन.

हा घोळ जिच्या बाबतीत होऊच शकत नाही, अशी एक मोठी संख्या आहे : १२ अब्ज ३४ कोटी ५६ लाख ५४ हजार ३२१. ‘चिमा काय कामाची’ जशी उलटसुलट सारखीच वाचता येते, तशी हीही.

ती सापडते जैन गणिती महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त. काळ सन ८५० च्या आसपासचा, राज्य राष्ट्रकूट अमोघवर्षाचं, आणि ग्रंथ संस्कृत श्लोकांत. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी, १२०४ च्या सुमारास, रट्ट राजांच्या काळात उभी राहिली. जैन विद्येचा हा प्रवाह आपल्या भागात बराच काळ वाहत होता. श्लोकात संख्या सांगायची तर एरवी एकं स्थानापासून सुरुवात करायची, ‘अंकानां वामतो गतिः’, म्हणजे अंक डावीकडे सरकत जातात. इथे त्याचीही गरज नाही. एकापासून सहापर्यंत चढायचं आणि क्रमाने उतरायचं, एवढं म्हटलं की संख्या पुरी. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणलं की ती येते. असल्या गुणाकारांना ग्रंथात कंठ्याची उपमा आहे, आणि ती मला अगदी चपखल वाटते : मधला मणी मोठा, दोन्ही बाजूंनी लहान होत गेलेले.

४४१ म्हणजे २१ चा वर्ग, २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा. २१ गुणिले ५२९१ बरोबर सहा एक : ११११११. त्याचा वर्ग शाळेतल्या पद्धतीने, कागदावर मांडून करा. सहा एकांच्याच सहा ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली. रकान्यांची बेरीज १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. हातचा कुठेच नाही.

विसाव्या शतकात देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर याच वर्गांच्या नादी लागले. १, १२१, १२३२१ या कुळाला त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं, एका रेल्वे स्टेशनावरून.

नऊ एकांपर्यंत कंठा शाबूत राहतो. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा येतात, हातचा डावीकडे सरकतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गळला. महावीराचार्यांच्या कंठ्यांत १२३४५६७९ गुणिले ९ हाही एक आहे. त्यातही आठ नाही, आणि उत्तर नऊ एक.