विखंडन झालं म्हणजे साखळी सुरू झाली असं नाही

"न्यूट्रॉन आदळला, केंद्रक फुटलं आणि साखळी सुरू झाली." हे वाक्य वाचलं की मला पुढचं वाचवत नाही. यातल्या 'आणि'नेच सगळा घोळ घातलाय.

विखंडन सगळ्यांना ठाऊक असतं. जड केंद्रकाचे दोन तुकडे होतात, दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. संमीलनाशी गल्लत करणाऱ्यांसाठी एवढंच: ते जोडणं, हे फोडणं.

विखंडन ही एका केंद्रकाची गोष्ट आहे. साखळी हा सुटलेल्या न्यूट्रॉनांचा हिशोब आहे: त्यांतले सरासरी किती जण पुढचं केंद्रक फोडतात? एकाहून कमी, तर साखळी विझते; जास्त, तर वाढत जाते. बरोबर एक, तर ती त्याच जोमाने चालू राहते. म्हणून अणुभट्टी 'क्रिटिकल' झाली म्हणजे काही बिघडलं असं नाही, ती नीट चालू झाली.

खरी मेख युरेनियम-२३८ मध्ये, म्हणजे निसर्गात सर्वाधिक सापडणाऱ्या युरेनियममध्ये आहे. ते फुटतं. वेगवान न्यूट्रॉन लागला तर फुटतंच, पण कुणी न मारता आपोआपही फुटतं. हे सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्लेरॉव्ह आणि पेत्रझाक यांनी १९४० मध्ये दाखवलं. तरीही नुसत्या २३८ चा डोंगर रचला तरी त्यात साखळी चालायची नाही. हे केंद्रक फोडायला न्यूट्रॉनकडे साधारण १० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. नव्याने सुटलेल्या बऱ्याच न्यूट्रॉनांकडे ती असते, पण थोड्याच धडकांत ती ओसरते, आणि अर्धवट मंदावलेला न्यूट्रॉन २३८ न फुटताच गिळून टाकतं. विखंडन होतं, पण त्याचा वंश पुढे चालत नाही.

युरेनियम-२३५ ला मंद न्यूट्रॉनही पुरतो, किंबहुना तोच जास्त मानवतो. पण नैसर्गिक युरेनियममध्ये ते जेमतेम ०.७ टक्के. म्हणून न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं ग्राफाइट किंवा जड पाणी लागतं: २३८ च्या तावडीत सापडण्याआधी न्यूट्रॉन पुरता मंदावला पाहिजे. दर विखंडनातून सरासरी २.४ न्यूट्रॉन सुटतात. बाकीचे शोषले जातात किंवा बाहेर निसटतात, कामी यावा लागतो एकच. म्हणूनच एक-दोन-चार-आठ अशी फांद्या फुटलेली आकृती अणुभट्टी समजावताना काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या दोन कल्पना जन्मानेही वेगळ्या आहेत. न्यूट्रॉनांच्या साखळीची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डला १९३३ मध्ये लंडनमध्ये सुचली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान आणि स्ट्रासमान यांच्या प्रयोगातून विखंडन उघडकीला आलं ते १९३८ च्या डिसेंबरात.

दोन्हींतला फरक कानांनी ऐकू आला तो शिकागोत, जगातल्या पहिल्या अणुभट्टीत, २ डिसेंबर १९४२ ला. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीच्या सूचनेनुसार न्यूट्रॉन शोषणारी कॅडमियमची कांडी थोडी थोडी बाहेर ओढली जात होती. दर वेळी मोजणी यंत्राची टकटक वाढायची आणि एका पातळीला येऊन स्थिरावायची. विखंडनं तेव्हाही होतच होती, पण स्वतःच्या बळावर चालणारी साखळी नव्हती. शेवटच्या ओढीनंतर टकटक स्थिरावलीच नाही, चढतच राहिली. दर विखंडनामागे पुढचं केंद्रक फोडणाऱ्या न्यूट्रॉनांची सरासरी, म्हणजेच गुणनांक, तेव्हा होता जेमतेम १.०००६.

मग कांड्या आत ढकलल्या आणि साखळी तुटली. त्या युरेनियमची काही केंद्रकं मात्र आपोआप फुटतच राहिली.