भूक, मीठ आणि आठवण

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी झाली की विक्रीला न गेलेल्या फण्या बांधावर पडतात, दोन-तीन दिवसांत त्यांना आंबूस वास सुटतो आणि त्यांच्यावर चिलटे घोंगावू लागतात. ही चिलटे आणि कुजत्या फळांत, खोडांत वाढणारे सूत्रकृमी यांच्याकडे आपण त्रासिक नजरेनेच पाहतो. केळीच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींच्या बाबतीत ते रास्तही आहे. पण याच दोन कुळांतील निरुपद्रवी जीवांनी स्मरणशक्तीविषयी जे शिकवले, ते मोठ्या मेंदूंकडून इतक्या स्वच्छपणे क्वचितच कळले असते.

सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी. त्याच्या उभयलिंगी प्राण्यात नेमक्या ३०२ चेतापेशी असतात आणि कोणती पेशी कोणत्या पेशीला जोडलेली आहे, याचा नकाशा १९८६ मध्येच प्रसिद्ध झाला. तरीही केवळ त्या नकाशावरून कृमी काय शिकेल हे सांगता येईना, कारण पेशींमधला बराचसा संवाद या जोडण्यांच्या बाहेरून चालतो. तो चालवणारे रेणू म्हणजे न्यूरोपेप्टाइड, अर्थात मोठ्या प्रथिनातून कापून काढलेल्या अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या.

ठिबकवर केळी घेणाऱ्याला हा फरक चटकन उमगेल. ड्रिपरचे पाणी ज्या झाडाच्या बुंध्याशी पडते त्यालाच मिळते. चेतासंधीतला, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडणीतला, संदेश बहुतांशी असा असतो. न्यूरोपेप्टाइड मात्र पाटाने सोडलेल्या पाण्यासारखे सावकाश पसरते, लांबच्या पेशींपर्यंत पोचते आणि त्याचा परिणाम अधिक काळ टिकतो. अर्थात, ज्या पेशीवर त्याचा ग्राही रेणू असेल तीच पेशी त्याला दाद देते.

प्रयोगाच्या बशीत या कृमीपुढे मीठ ठेवले की तो त्याच्याकडे सरकतो. मात्र अन्नाचा कण नसलेल्या खारट द्रावणात त्याला सुमारे १५ मिनिटे ठेवून पुन्हा बशीत सोडले, तर तोच कृमी मिठापासून दूर जातो. मीठ आणि उपासमार यांची सांगड त्याने घातलेली असते. २०१२ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी दाखवून दिले की नेमॅटोसिन हे पेप्टाइड बनवू न शकणाऱ्या कृमींना हा धडा नीट घेता येत नाही. मला सर्वांत विलक्षण वाटते ते या रेणूचे गोत्र. वासरू ढुसण्या देऊ लागले की गाय पान्हा सोडते ती ऑक्सिटोसिनमुळे, आणि नेमॅटोसिन हा त्याच ऑक्सिटोसिनचा दूरचा भाऊबंद आहे. कृमी आणि गाय यांचे पूर्वज वेगळे होऊन कोट्यवधी वर्षे लोटली, तरी हे घराणे टिकून आहे.

चिलटाची कथा यापेक्षा जुनी. १९७९ मध्ये फळमाशीचा, म्हणजे या चिलटाचा, एका जनुकात बदल झालेला (उत्परिवर्तित) वाण सापडला. विशिष्ट वासासोबत विजेचा झटका बसतो हे या माश्या जवळजवळ इतरांइतकेच शिकत, पण तासाभरात विसरून जात. म्हणून त्या जनुकाचे नाव ‘ॲम्नेझियाक’ (विस्मृतीग्रस्त) पडले. हे जनुक न्यूरोपेप्टाइड घडवते हे १९९५ मध्ये उलगडले. पुढे असे दिसले की त्याचा मुख्य स्रोत मेंदूच्या प्रत्येक बाजूला असलेली एकेक मोठी पेशी असून, तिच्या फांद्या वासाच्या आठवणी साठवणाऱ्या छत्राकृती भागांवर पसरलेल्या असतात.

शिकलेले टिकवणे ही एक गोष्ट झाली. ते योग्य वेळी बाहेर काढणे ही दुसरी. एखाद्या वासासोबत साखर मिळते हे शिकलेली माशी भुकेली असेल तर त्या वासाकडे धावते, पण पोट भरलेले असेल तर त्याच वासाकडे ती फारशी वळत नाही. भुकेशी निगडित असलेले एनपीएफ (न्यूरोपेप्टाइड एफ) हे पेप्टाइड सोडणाऱ्या पेशी २००९ मधील प्रयोगात कृत्रिमरीत्या चेतवल्या, तेव्हा पोट भरलेल्या माश्याही पुन्हा त्या वासाकडे वळू लागल्या. आठवण पुसली गेली नव्हती; भुकेने दार उघडेपर्यंत ती आत थांबून होती.