‘एएस’, ‘एसएस’ आणि १९०८ सालचं एक गणित

सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. त्याच्या तपासणीसाठी बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब द्रावणात सोडायचा, पाचेक मिनिटं थांबायचं आणि परीक्षानळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात का ते बघायचं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेच्या मदतीने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीला जातो. तिथून ‘एएस’ (जनुकाची एक प्रत निरोगी, एक सिकलसेलची) आलं तर वाहक, ‘एसएस’ (दोन्ही प्रती सिकलसेलच्या) आलं तर रुग्ण. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ, कळवण या भागात सिकलसेलची ही तपासणी आता नवी नाही. नवा असतो तो आईबापांचा प्रश्न: आमच्या दोन्ही घरांत कुणाला नव्हतं, मग पोराला कुठून आलं?

याचं उत्तर केंब्रिजमध्ये सापडतं, तेही एका वेगळ्याच प्रश्नाच्या निमित्ताने. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम १९००मध्ये पुन्हा उजेडात आले आणि पुढच्या काही वर्षांत आखूड बोटांचा गुण प्रभावी, म्हणजे एकच प्रत असली तरी दिसणारा, ठरला. मग पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांचीच बोटं आखूड का होत नाहीत? जनुकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांना उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी आपल्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्या गणितज्ञ हार्डींना गाठलं. हार्डींना ते गणित इतकं सोपं वाटलं की १९०८मध्ये ते छापायला देताना त्यांना संकोचच वाटला. त्याच वर्षी जानेवारीत श्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग यांनी तेच मांडलं होतं. पण जर्मनीत मांडलेलं पस्तीसेक वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गणित असं: गुण प्रभावी असला म्हणून आपोआप वाढत नाही, जनुकाच्या प्रतींचं प्रमाण तेवढंच राहतं. शंभर माणसांत एका जनुकाच्या दोनशे प्रती. समजा त्यांतल्या वीस सिकलसेलच्या. लग्नं हे जनुक बघून होत नसतील, तर पुढच्या पिढीत शंभरामागे ८१ निरोगी, १८ वाहक आणि १ रुग्ण. म्हणजे वीसपैकी अठरा प्रती धडधाकट माणसांच्या अंगात दडलेल्या. ‘आमच्या घरात नव्हतं’ याचा अर्थ एवढाच, की दिसत नव्हतं.

लग्नं मात्र जमातीतच होतात. कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली यांचे सोयरसंबंध बहुतांशी आपापल्यात. त्यामुळे नाशिक शहर आणि सुरगाणा एकत्र करून काढलेल्या जिल्ह्याच्या सरासरीला, माझ्या मते, फारसा अर्थ नाही. वेगवेगळे गट एकत्र मोजले की वाहक हिशेबापेक्षा कमी भरतात, हे स्वीडनच्या वालुंड यांनी १९२८मध्येच दाखवलं होतं.

राहिला प्रश्न, इतका घातक दोष टिकला कसा? ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९४९मध्ये थॅलेसेमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषाबद्दल मलेरियाकडे बोट दाखवलं (हे गृहस्थ पुढे भारतात येऊन इथलेच झाले). १९५४मध्ये अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं, की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. तापाच्या रानात वाहक तगले आणि जनुकही तगलं.

आता तो ताप ओसरला, तरी जनुक तेवढ्या घाईने जात नाही. एकाही रुग्णाला मूल झालं नाही असं धरलं, तरी दोनशेतल्या वीस प्रती दहावर यायला दहा पिढ्या लागतात. म्हणजे साधारण अडीचशे वर्षं.