स्थलांतराच्या निर्णयातून अर्थशिक्षण

अमेरिकेतील शाळांत, विशेषतः प्राथमिकच्या वरच्या इयत्तांत, वापरली जाणारी एक अध्यापनपद्धती. एकोणिसाव्या शतकात मिसूरी, इलिनॉय, ओहायो या भागांतली घरे-शेते सोडून कित्येक कुटुंबे बैलगाड्यांतून पश्चिमेकडे गेली. त्यांच्यापुढे असलेला ‘जायचे की राहायचे’ हा प्रश्न मुलांपुढे तसाच्या तसा ठेवायचा आणि टंचाई, निवड, संधी खर्च (एक पर्याय घेताना सोडलेल्या दुसऱ्या पर्यायाचे मोल), प्रोत्साहन, जोखीम या संकल्पना त्यांनी केलेल्या चर्चेतून काढून घ्यायच्या, असे तिचे स्वरूप आहे.

अमेरिकेत शालेय अर्थशिक्षणाची संघटित चळवळ १९४९ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त अर्थशिक्षण परिषदेपासून धरतात. १९९७ मध्ये या विषयासाठी २० राष्ट्रीय मानके ठरवण्यात आली (ती राज्यांना बंधनकारक नाहीत). त्यांतले पहिलेच मानक टंचाईविषयी आहे. सर्व काही मिळू शकत नाही, म्हणून एक घेताना दुसरे सोडावे लागते, हे मुलांना कळावे ही त्यामागची अपेक्षा. स्थलांतराकडे आर्थिक निर्णय म्हणून पाहण्याची तात्त्विक बैठक त्याआधीच तयार झाली होती. अर्थतज्ज्ञ लॅरी स्यास्टाड यांनी १९६२ मध्ये स्थलांतर ही एक गुंतवणूक आहे, तिचा खर्च आज होतो आणि परतावा पुढे मिळतो, अशी मांडणी केली. लोकसंख्याशास्त्रज्ञ एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये मूळ जागी ढकलणारे, नव्या जागी ओढणारे आणि मधले अडथळे असे घटक वेगळे केले. जाण्या-राहण्याची कारणे मांडायला शाळेत वापरला जाणारा तक्ता बहुधा लींच्या मांडणीवर बेतलेला असतो.

पाठासाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्रसंग म्हणजे ऑरेगॉनची वाट. मिसूरीतील इंडिपेंडन्स गावापासून ऑरेगॉनमधील विलामेट खोऱ्यापर्यंत सुमारे २,००० मैल. बैल ताशी जेमतेम दोन मैल चालत, त्यामुळे प्रवासाला चार ते सहा महिने लागत. वसंतात गवत उगवल्याशिवाय निघता येत नसे, कारण बैलांचा चारा वाटेवरच मिळवायचा होता. फार उशिरा निघाले तर डोंगरात बर्फ गाठत असे. पहिला मोठा तांडा १८४३ मध्ये निघाला, त्यात हजारच्या आसपास माणसे होती.

घर सोडण्याची कारणे मुलांना लवकर सापडतात. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात बँका बुडाल्या, पुढे धान्याचे भाव कोसळले, अनेक शेतकरी कर्जात अडकले. मिसिसिपीच्या खोऱ्यात हिवतापाने माणसे दरवर्षी अंथरूण धरत. उलट ऑरेगॉनच्या तात्पुरत्या शासनाने १८४३ मध्ये ६४० एकरांपर्यंत जमिनीवर हक्क सांगण्याची मुभा दिली. मिसूरीत सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने विकत घ्यावी लागे.

इथवर पाठ इतिहासाचाच राहतो. अर्थशास्त्र सुरू होते ते सोडलेल्या गोष्टींचा हिशेब मांडताना. वसंतात निघालेले कुटुंब शरदात पोहोचते, म्हणजे त्या वर्षीचे पीक गेले, आणि नव्या जमिनीतून पहिले धान्य हाती येते पुढच्या उन्हाळ्यात. मोडलेल्या शेताची किंमत, मागे राहिलेले आईवडील, वर्षभराची न मिळालेली कमाई, हे सगळे संधी खर्चात येते. गाडी, बैल आणि शिधा यांसाठी काही शे डॉलर लागत. त्यामुळे अगदी कंगाल माणूस या वाटेला लागूच शकत नसे. ‘गरीब होते म्हणून गेले’ हे मुलांचे पहिले उत्तर येथे मागे घ्यावे लागते.

गाडी भरणे हा पाठाचा सर्वांत रंगणारा भाग. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज यांच्या १८४५ मधील मार्गदर्शिकेत माणशी २०० पौंड पीठ, १५० पौंड खारवलेले डुकराचे मांस, २० पौंड साखर, १० पौंड कॉफी आणि १० पौंड मीठ घ्यायला सांगितले आहे. म्हणजे चौघांचा शिधाच १,५६० पौंड होतो. गाडीत २,००० ते २,५०० पौंडांहून अधिक भार बैलांना झेपत नसे. उरलेल्या जागेत नांगर, हत्यारे, अंथरुणे, चूल, आजीची कपाटपेटी यांतले काय बसवायचे, यावर वर्गात भांडणे होतात, आणि ती व्हायलाच हवीत. पेटी ठेवायची तर पीठ कमी करावे लागते, आणि किती कमी करायचे हे ठरवताना मुले सीमान्त विचार (थोडे अधिक घेतले तर काय मिळते आणि काय जाते, असा) करू लागतात, तो शब्द न शिकताही. कॅलिफोर्नियातील सोन्यासाठी १८४९ मध्ये झालेल्या धावपळीत अनेकांनी गाड्या इतक्या खच्चून भरल्या होत्या की वाटेवरच्या फोर्ट लॅरमी या ठाण्याच्या आसपास मांसाचे ढीग टाकून द्यावे लागले. तिथे कवडीमोल झालेले पीठ पुढे कॅलिफोर्नियात भरमसाट भावाने विकले जात होते. मागणी-पुरवठा शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागत नाही.

याच विषयावरचा ‘द ऑरेगॉन ट्रेल’ हा संगणकीय खेळ १९७१ मध्ये मिनेसोटातील तीन शिकाऊ शिक्षकांनी एका वर्गासाठी तयार केला. १९८५ च्या आवृत्तीत खेळाडू १,६०० डॉलर असलेला बँकवाला, ८०० डॉलरचा सुतार किंवा ४०० डॉलरचा शेतकरी होतो, आणि शेतकऱ्याचे गुण तिप्पट मोजले जातात. अंदाजपत्रक व जोखीम शिकवायला खेळ उत्तम आहे. पण तो सुरू होतो तो निघण्याचे ठरल्यावर. ‘आम्ही जात नाही’ असे म्हणायची सोय त्यात नाही, आणि बहुसंख्य कुटुंबांनी प्रत्यक्षात हाच निर्णय घेतला होता. हा दोष अनेक छापील पाठांतही आढळतो. उत्तर आधीच ठरलेले असले की मुले फक्त जाण्याची कारणे गोळा करतात. म्हणून चांगल्या पाठात पर्यायांच्या ओळी आणि निकषांचे रकाने असलेला निर्णय-तक्ता भरून घेतात. त्यात ‘राहणे’, ‘शेजारच्या आयोवात जाणे’ आणि ‘एकट्या थोरल्या मुलाला पुढे पाठवणे’ हे पर्यायही बरोबरीने तोलले जातात. निकषांना वजन कोणी द्यायचे हाही प्रश्नच आहे. त्या काळी निर्णय बहुधा घरधनी घेई, आणि बायकांच्या दैनंदिन्यांत त्याबद्दलची नाराजी वाचायला मिळते.

निर्णय चांगला की वाईट हे शेवटावरून ठरवण्याचा मोह टाळण्यासाठी डॉनर तांड्याचे उदाहरण देतात. वर उल्लेखिलेल्या हेस्टिंग्ज यांनीच सुचवलेली जवळची वाट या तांड्याने १८४६ मध्ये धरली. मार्गदर्शिका लिहिली तेव्हा ते स्वतः त्या वाटेने गेलेले नव्हते. तांडा सिएरा नेवाडात बर्फात अडकला, ८७ पैकी सुमारे निम्मीच माणसे वाचली. अपुरी माहिती आणि ती देणाऱ्याचा हितसंबंध (हेस्टिंग्ज यांना कॅलिफोर्नियात वस्ती वाढायला हवी होती), या दोन्ही गोष्टी इथे उघड्या दिसतात.

‘फुकट जमीन’ या शब्दप्रयोगापाशी पद्धतीची खरी कसोटी लागते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने किरकोळ शुल्कात १६० एकर मिळत, पण पाच वर्षे राहून जमीन कसावी लागे. विहीर, नांगर, बियाणे, कुंपण यांचा खर्च वेगळा. १०० व्या पश्चिम रेखावृत्तापलीकडच्या मैदानांत पाऊस वर्षाला साधारण ५० सेंमीहून कमी, तिथे १६० एकरांवर कुटुंब जगणे अवघड होते. शिवाय ही जमीन रिकामी नव्हती. वसाहतकऱ्यांना जमीन देणारा ऑरेगॉनचा जमीनदान कायदा १८५० मध्ये लागू झाला, तेव्हा विलामेट खोऱ्यातील कालापुया या मूळनिवासी लोकांशी कोणताही करार मंजूर झालेला नव्हता. १८५१ चे करार सिनेटने संमत केलेच नाहीत. जो खर्च निर्णय घेणाऱ्याच्या तक्त्यात येत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला गेलेला असतो, आणि अलीकडच्या पाठांत त्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवतात. प्रोत्साहनही सर्वांना सारखे नव्हते. ऑरेगॉनमध्ये १८४४ मध्ये कृष्णवर्णीयांना वस्तीस बंदी करणारा कायदा झाला. त्याच वर्षी आलेले जॉर्ज वॉशिंग्टन बुश हे सधन कृष्णवर्णीय शेतकरी कोलंबिया नदीच्या उत्तरेला वळले आणि प्युजेट साउंडजवळ स्थायिक झाले. १८५० च्या जमीनदान कायद्यात कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. बुश यांच्या ६४० एकरांचा हक्क अमेरिकी काँग्रेसने १८५५ मध्ये खास कायदा करून मान्य केला.